रूथ मॅडमची सही

रूथ मॅडमच्या वर्गात पहिला धडा खिशांचा असे. नवी बॅच आली की त्या पोरापोरींना पट्ट्यापाशी उभं करायच्या, चालू पट्टा मुद्दाम बंद पाडायच्या आणि विचारायच्या, "आता काय कराल?" कुणी खोकं ओढायला पुढं होई, कुणी विजेच्या पेटीचं झाकण उघडायला बघे. मग मॅडम ओरडायच्या, "हात खिशात!" तो आवाज असा असे की शेडच्या बाहेर चहा गाळणारी मीसुद्धा दचकून थांबे.

"मशीन बंद पडलं की आधी दोन्ही हात खिशात घालायचे," त्या सांगायच्या. "मग बघायचं. मग ऐकायचं. मग वास घ्यायचा. हात सगळ्यांत शेवटी. हाताला लई घाई असती."

मुलींची त्यात अडचण झाली. पंजाबी ड्रेसला खिसे नसतात. पहिल्याच बॅचच्या एका मुलीनं तसं सांगितलं तेव्हा मॅडम माझ्याकडे वळल्या. "शालन, तुझ्याकडे शिलाई मशीन आहे ना?" मी मान हलवली. कुडते घरी नेऊन मी प्रत्येकीला दोन-दोन खिसे लावले. रंगाला रंग मिळेना, तर मॅडम म्हणाल्या, "मिळेल ते लाव. खिसा दिसला तरी चालेल, हात दिसता कामा नये." पिवळ्या कुडत्याला निळे खिसे, हिरव्याला तांबडे. मुलं दोन दिवस चेष्टा करत होती. मग मुलींनी त्या खिशांत मोबाईल, नट आवळायचे पाने आणि भाजलेल्या शेंगा ठेवायला सुरुवात केली, आणि मुलं शेंगा मागायला यायला लागली.

मी त्या केंद्रात झाडलोट आणि चहापाणी बघत होते. नगरच्या एमआयडीसीत एका जुन्या कारखान्याची शेड होती, तिथं एका ट्रस्टनं हे शिकवणं सुरू केलं होतं. आता मोठी गोदामं पूर्वीसारखी राहिलेली नाहीत. तिथं माणूस सामानाकडे जात नाही, सामानच माणसाकडे येतं. सामानाने भरलेल्या मांडणीखाली एक चपटं यंत्र शिरतं, तिला उचलतं, आणि जमिनीवर चिकटवलेले खुणांचे चौकोन वाचत वाचत हवं तिथं नेऊन ठेवतं. आमची पोरं त्याला कासव म्हणत. शिवाय खोकी वाहणारा एक लांब पट्टा होता, आणि खोकी उचलून रचणारा एक लोखंडी हात. त्याला ती सोंड म्हणत. ही यंत्रं माणसाचं काम करतात, पण ती बिघडली की माणूसच लागतो. तो माणूस दरवेळी लांबच्या शहरातून का यावा, आपला का नसावा, एवढंच मॅडमचं म्हणणं होतं. ते त्या इतक्या ठासून सांगत की ऐकणाऱ्याला वाटे, आपण उगाचच इतके दिवस घाबरत होतो.

मॅडम बुटक्या आणि अंगानं भरलेल्या होत्या. केसांना मेंदी लावायच्या, त्यामुळे उन्हात डोकं तांबडं दिसे. आठवडाभर पायांत लोखंडी टोकाचे जाड बूट. रविवारी चर्चला मात्र कडक इस्त्रीची सुती साडी. माहेर नगरला लागून असलेल्या भिंगारचं, वडील लष्कराच्या वर्कशॉपात कामाला होते. मॅडमनी आयटीआय केलं, आधी साखर कारखान्यात लागल्या, मग पुण्याकडच्या गोदामांत यंत्रं दुरुस्त करत बरीच वर्षं राहिल्या, आणि परत भिंगारला आल्या. नवऱ्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणत, "ते देवाघरी आहेत. तिथंही काहीतरी उघडून बसले असतील."

त्या यंत्राचा आवाज कानानं ऐकत नसत. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक यंत्राच्या अंगाला लावायच्या आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवायच्या. डोळे मिटून उभ्या राहायच्या. एकदा मला हाक मारली, "शालन, ये, ऐक." मी नको नको म्हणत गेले. मूठ कानामागे लावली आणि आतला आवाज थेट डोक्यात आला. "काय वाटतं?" मी हळूच म्हणाले, "जात्यात खडा आल्यागत वाटतंय." मॅडम लगेच वर्गाकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत? बेअरिंग जायला लागली की असा आवाज येतो, जात्यात खडा आल्यासारखा. लिहून घ्या." सगळ्यांनी खरंच लिहून घेतलं. मी त्या दिवशी पुन्हा शेडमध्ये पाऊल टाकलं नाही, चहा खिडकीतून दिला.

त्यांचा खरा हट्ट मात्र कुलपाचा होता. प्रत्येक पोराला एक लाल कुलूप मिळे. यंत्राला हात लावण्याआधी मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. तिघं जण काम करत असतील तर तीन कुलपं. सगळी निघाल्याशिवाय वीज सुरू करता येत नसे. पट्ट्यावर खोकी बाजूला ढकलणारा एक दांडा होता, तो हवेच्या दाबावर चाले. म्हणून नुसती वीज तोडून भागत नसे. आतली हवा सोडायची आणि दाब दाखवणारा काटा शून्यावर आला का तेही बघायचं. एखादा किल्ली घेऊन घरी गेला तर त्याचं कुलूप तोडायचं नाही, त्या माणसाला शोधून आणायचं. एकदा केडगावला घरी गेलेल्या एका मुलाला मॅडमनी जेवत्या ताटावरून परत बोलावलं होतं.

बाहेरचे लोक विचारायचे, "एवढ्या कडक का हो? कुणाचा हात गेला होता का?" मॅडम म्हणत, "माझ्या हाताखाली अजून कुणाचा गेला नाही. जायची वाट बघू का?"

चूक त्यांच्याकडूनही होई, पण ती लपवत नसत. एका नाताळला त्यांनी हौसेनं चमकी कागदाची मोठी चांदणी पट्ट्याच्या वर टांगली. पट्टा चालेना. खोकं आलं की नाही हे उजेडावरून ओळखणारा एक डोळा पट्ट्याच्या कडेला असतो, त्याला त्या चमकीची तिरीप लागत होती. समोर खोकं अडकलंय असं समजून तो पट्टा थांबवून ठेवत होता. मॅडम पुढं झाल्या, तर सगळी पोरं एका सुरात ओरडली, "मॅडम, हात खिशात!" मॅडमनी मुकाट्यानं हात खिशात घातले. मग वर बघितलं आणि पोट धरून हसल्या. चांदणी माझ्या चहाच्या टेबलावर आली.

कांता आमच्याकडे आली ती पाथर्डीकडच्या एका गावातून. केंद्राची माहिती सांगायला मॅडम जीप घेऊन तिकडे गेल्या होत्या. सभेत पुढे सगळी मुलं बसली होती. मागून एक सडपातळ मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "पोरींना घेता का?"

"पोरी विचारतील का, तेच बघायला आलेय," मॅडम म्हणाल्या.

कांताचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जात. ती मागं चुलत्याकडे राहून दहावीपर्यंत शिकली होती. इथं राहायला जागा नव्हती म्हणून मॅडमनी तिला भिंगारला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. दोघी स्कूटरवरून येत, येताना भांडत आणि उतरताना हसत. कांताचा हात विलक्षण चपळ होता. बाकीचे स्क्रू शोधत असत तोवर तिनं झाकण लावलेलं असे. मॅडम म्हणत, "ही माझी सगळ्यांत चांगली आणि सगळ्यांत धोक्याची पोरगी."

त्या वर्षी कांताच्या आईची पाठ गेली. ऊसतोडीला दोघांची जोडी लागते. वडिलांनी कांताला सांगून ठेवलं होतं, ट्रक निघायच्या आत नोकरी लागली तर आम्ही घरी राहू, तुझ्या पगारावर भागवू. नाही लागली तर आईच्या जागी तू चल. हे साऱ्या वर्गाला माहीत होतं आणि मॅडमना तर होतंच. सुप्याकडे एक नवं गोदाम होणार होतं. त्या कंपनीचे साहेब दसऱ्यानंतर परीक्षा बघायला येणार होते. मॅडमची सही असलेल्या पोरांना ते घेणार होते.

त्याआधी खंडेनवमी आली. पोरांना यंत्रांची पूजा करायची होती, पण मॅडम ख्रिस्ती, त्यांना कसं विचारावं म्हणून सगळी घुटमळत होती. शेवटी कांतानंच विचारलं. मॅडम म्हणाल्या, "करा की. प्रसाद काय आहे तेवढं आधी सांगा." मग काय, पोरांनी शेड सजवली. पट्ट्याला झेंडूच्या माळा, सोंडेला कुंकू, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उसाची दांडकी बांधलेली. मुलींनी कासवांभोवती रांगोळ्या घातल्या. आरती झाली, मॅडम हात जोडून बाजूला उभ्या राहिल्या आणि नंतर पेढे खाल्ले. मग एका मुलानं कौतुकानं कासव चालू केलं. ते हलेना. दुसरं चालू केलं, ते चार हात जाऊन थांबलं. तिसरं लाल दिवा लावून बसलं.

पोरं लॅपटॉपकडे धावली. एक म्हणाला बॅटरी, एक म्हणाला नेटवर्क. एक हळूच म्हणाला, "पूजेत काही राहिलं का रं?"

"हात खिशात," मॅडम म्हणाल्या आणि आणखी एक पेढा घेतला.

सगळे हात खिशात घालून उभे राहिले. कांता उकिडवी बसली, जमिनीकडे बघत राहिली आणि एकदम कपाळाला हात लावला. "आपुन खुणांवरच रांगोळी घातलीय की!" जमिनीवरचे चौकोन रांगोळीनं भरून गेले होते. कासवाला वाचायला काहीच उरलं नव्हतं. जे लाल दिवा लावून बसलं होतं त्याच्या पुढच्या काचेवर कुणीतरी भक्तीनं हळदीचं बोट ओढलं होतं.

"देवाला डोळे पुष्कळ," मॅडम म्हणाल्या. "ह्या बिचाऱ्याला एकच. त्यात हळद घातलीत." नंतर मला हाक मारून म्हणाल्या, "शालन, कोरडा मऊ कपडा दे. आणि पुढच्या वर्षी रांगोळी कासवांच्या वाटेच्या पिवळ्या पट्टीबाहेर. घालायची मात्र नक्की."

परीक्षेचा दिवस आला. कंपनीचे साहेब तरुण होते, गळ्यात ओळखपत्र, बोलायला चांगले. एकेक जण पुढं होऊन दुरुस्ती करून दाखवत होता. कुलूप, हवा, काटा, मग काम. वेळ लागत होता. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं आणि हसत म्हणाले, "आमच्याकडे पट्टा जरा थांबला तरी वरून फोन येतो हां."

कांताची पाळी आली. वळणावर एक खोकं तिरकं होऊन अडकलं होतं आणि मागं खोक्यांची रांग लागली होती. तिनं साहेबांकडे बघितलं. आणि पुढं काय झालं ते मला नीट दिसलंही नाही. तिचा हात आत गेला, खोकं बाहेर आलं आणि पट्टा धडधडत सुरू झाला. साहेबांनी टाळी वाजवली. पोरांनीही वाजवली. खिडकीत उभी राहून मीही वाजवली.

मॅडमचे हात मात्र हलले नाहीत.

"कांता, कुलूप कुठं आहे?"

कांताचा हात खिशाकडे गेला. कुलूप खिशातच होतं.

साहेब म्हणाले, "मॅडम, ही मुलगी आम्हाला सगळ्यांत आधी पाहिजे. काय स्पीड आहे!"

"हिला मी सही देणार नाही," मॅडम म्हणाल्या.

साहेबांना वाटलं त्या चेष्टा करताहेत. "अहो, काम झालं ना पण!"

खंडेनवमीचं उसाचं एक दांडकं अजून कोपऱ्यात उभं होतं, ते मॅडमनी आणलं. खोकं पुन्हा तसंच अडकवलं. पट्टा थांबला. कांताचा हात जिथं गेला होता तिथं त्यांनी ऊस घातला आणि लांबून आकडीनं खोकं ओढलं. उजेडाचा डोळा मोकळा झाला, दांडा सपकन पुढं आला आणि ऊस कडकन मोडला. रस टपटप खाली गळायला लागला.

"आज हात चपळ होता म्हणून वाचला," मॅडम म्हणाल्या. "बारा तासांच्या पाळीनंतर किती चपळ राहील?"

साहेब ओशाळले, पण माणूस भला होता. म्हणाले, "आम्ही तिकडे शिकवू तिला. तुम्ही सही करा." मॅडमनी नकारार्थी मान हलवली. साहेबांनी पुन्हा विचारलं. पोरांनी विनवण्या केल्या. एक मुलगी तर रडायला लागली. बाकी सगळ्यांच्या कागदांवर सह्या झाल्या. कांताचा कागद कोरा राहिला आणि सहीशिवाय घ्यायची साहेबांना परवानगी नव्हती.

दुसऱ्या दिवशी कांताचे वडील जीपमधून आले. शेडच्या दारात चप्पल काढून उभे राहिले.

"मॅडम, मी अडानी मानूस. पर पोरगी म्हनती काम झालं हुतं."

"झालं होतं, अण्णा."

"मंग?"

"मग काही नाही. पुढची परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडाला आहे. हिला माझ्याकडे राहू द्या. खायची प्यायची काळजी करू नका."

"खायाचं न्हाई वो. कोयत्याला जोडी लागती. मुकादमाला शबुद दिलाय." त्यांनी डोक्याची टोपी काढून पुन्हा घातली. "तुमी एक सही केली असती..."

मॅडमचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. त्या कुणाच्या घरी स्वयंपाक कमी पडला तरी आपला डबा देऊन टाकणाऱ्या बाई. पण पेनाला त्यांनी हात लावला नाही. कांतानं खिशातून लाल कुलूप काढलं आणि टेबलावर आपटलं. "हे घ्या तुमचं."

"ते तुझं आहे."

"मला उसात काय करायचंय त्याचं?" असं म्हणून ती जीपमध्ये जाऊन बसली. मागं वळून तिनं बघितलं नाही.

चार-पाच दिवस मॅडम वर्गात नेहमीसारख्याच ओरडत होत्या. पण चहा तसाच थंड होऊन परत यायचा. एका शनिवारी त्यांनी विचारलं, "शालन, उद्या पुणतांब्याला येतेस का? कांताची टोळी तिकडे उतरलीये." मी सहसा बाहेर कुठं जात नाही, पण हो म्हणाले.

चर्च सुटल्यावर त्या तशाच इस्त्रीच्या साडीत तारकपूर स्टँडवर आल्या. हातात एक जड पिशवी. एस.टी. बदलत आम्ही पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गोदावरीच्या अलीकडे उसाच्या फडाशेजारी तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोप्या उभ्या होत्या. टोळी जेवून जरा टेकली होती. कांता उसाच्या शेंड्यांचे, मोळ्या बांधायचे वाढे वेगळे करत बसली होती. आम्हाला बघून तिनं मान खाली घातली.

मॅडम तिच्यासमोर मोळीवर बसल्या. साडीला चिकटलेलं पाचट झटकलंसुद्धा नाही. पिशवीतून त्यांनी कांताचं लाल कुलूप आणि एक फळी काढली. तिच्यावर हवेची छोटी टाकी, एक तोटी, दाबाचा काटा आणि एक स्विच बसवलेला होता. सोबत सायकलचा पंप.

एक म्हातारा तोडकरी म्हणाला, "बाई, आमाला बी शिकवा की. कोयत्याला कुलूप घालायला."

"घाला की बाबा," मॅडम म्हणाल्या. "मुकादम आला की सांगायचं, किल्ली हरवली."

सगळी टोळी हसली. कांता नाही हसली. खाली बघतच म्हणाली, "तुमची एक सही हुती, मॅडम."

"व्हय," मॅडम म्हणाल्या. "आन् तुझा एक हात हुता."

मॅडमनी पंप टाकीला जोडला आणि हवा भरायला लागल्या. दोन-चार वेळा दाबला तोवर त्यांना धाप लागली, चष्मा नाकावर घसरला, साडीचा पदर पंपात अडकला. तरी त्या दाबतच होत्या. कांतानं थोडा वेळ बघितलं. मग पुढं होऊन पंप हिसकावून घेतला. "ऱ्हाऊ द्या. तुमच्यानं न्हाई व्हायचं."

तिनं हवा भरली. काटा चढला. मॅडमनी लाल कुलूप फळीवर ठेवलं. कांतानं ते उचललं, स्विचला घातलं, किल्ली कमरेला खोचली, तोटी उघडली आणि काटा खाली येईपर्यंत बघत राहिली.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या.

"व्हय, पुन्हा," कांता करवादून म्हणाली आणि पुन्हा हवा भरायला लागली.

टोळी तिकडे होती तोवर मॅडम बहुतेक रविवारी जात राहिल्या. मी नंतर एकदाच गेले. तेव्हा कांता त्या म्हाताऱ्या तोडकऱ्याला काटा शून्यावर का आणायचा ते समजावून सांगत होती आणि मॅडम फडाच्या बांधावर बसून पेरू खात होत्या.

उन्हाळ्याच्या तोंडाला परीक्षा आली. साहेब तेच होते. कांता वडिलांबरोबर आली. उन्हानं काळवंडली होती, तळहातांना भेगा पडल्या होत्या. वडील माझ्या चहाच्या टेबलापाशी उकिडवे बसले, मांडीवर भाकरीचं फडकं. आत बघायची त्यांना भीती वाटत होती. दर थोड्या वेळानं मलाच विचारत, "काय चाललंय, बाई?" मी खिडकीतून बघून सांगत होते.

कांताची पाळी आली. याही वेळी वळणावर खोकं अडकवलेलं होतं. तिनं दोन्ही हात खिशात घातले आणि आधी नुसतं बघितलं. मग मेन स्विच पाडला, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. हवेची तोटी उघडली आणि काट्यासमोर उभी राहिली. काटा अर्ध्यावर आला आणि थांबला. तिनं काचेवर बोटानं टिचकी मारली. काटा हलेना. तोटी बंद करून पुन्हा उघडली. काटा तिथंच.

"काय झालं?" वडिलांनी विचारलं.

"थांबलीये," मी म्हणाले.

"का?" ते अर्धवट उठले.

आत साहेबांनीही तेच विचारलं. कांता म्हणाली, "काटा शून्यावर येत न्हाई. आत हवा ऱ्हायलीय का काटाच अडकलाय, मला ठाऊक न्हाई. ठाऊक झाल्याबिगर मी हात घालनार न्हाई. नवा काटा आनावा लागंल."

"हवा गेली असेल," साहेब म्हणाले. "आवाज तर झाला."

"असंल," कांता म्हणाली. "पर मी हात घालनार न्हाई."

मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. नवा काटा आणायला बाजारात माणूस पाठवला. तो यायला वेळ लागणार होता. कांतानं घड्याळाकडे बघितलं, मॅडमकडे नाही, आणि "मी जेवून येते" असं म्हणून बाहेर आली. वडिलांच्या शेजारी बसली, फडकं सोडलं. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, पण विचारायचं धाडस झालं नाही. त्यांनी भाकरी मोडून तिच्या हातावर ठेवली.

मी चहा घेऊन आत गेले. साहेब जरा चिडलेले होते. "हे तुम्ही मुद्दाम केलंत का, मॅडम?"

"मी केलं असतं तर याहून अवघड केलं असतं."

"पण म्हणजे काम झालंच नाही की तिचं."

"नाही झालं," मॅडम म्हणाल्या. टेबलावरून त्यांनी कांताचा कागद घेतला, पेन झटकलं, आणि बंद पडलेल्या पट्ट्याच्या पत्र्यावर कागद ठेवून सही केली. मोठी, स्वच्छ, पूर्ण नावाची. शाई वाळावी म्हणून वर फुंकर घातली आणि कागद साहेबांच्या हातात दिला.

साहेब कागदाकडे बघत राहिले. मग पट्ट्याकडे. "आणि हा केव्हा सुरू होणार?"

"किल्ली तिच्याकडे आहे."

"मग बोलवा ना तिला."

त्यानंतरही मॅडम आमच्याकडे काही महिने होत्या. मग विदर्भात असंच दुसरं केंद्र सुरू करायला गेल्या. त्यांना निरोप द्यायला स्टँडवर गर्दी झाली होती आणि मी नेहमीप्रमाणे मागं उभी राहिले, त्यामुळे त्या नीटशा दिसल्याच नाहीत. म्हणून त्यांची आठवण आली की माझ्या डोळ्यांसमोर येतं ते त्या दुपारचंच दर्शन.

त्यांनी माझ्या हातून चहाचा कप घेतला. दांड्यापासून लांब, पट्ट्याच्या टोकाशी गेल्या. पट्ट्यावर बसलेलं त्यांना कधीच चालत नसे, बसणाऱ्याला त्या कानाला धरून उठवत. त्याच पट्ट्यावर त्या हातानं जोर देऊन चढल्या आणि खुशाल ठाण मांडून बसल्या. पाय जमिनीला पुरत नव्हते. बिस्कीट चहात बुडवत त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाल्या,

"जेवतीये ती, साहेब. जेवू द्या."